डोंगरात तुटतं, पण बिघडतं घरीच

पाऊस ओसरला की गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या घरांत माळ्यावरच्या सॅक खाली उतरतात. रात्रीची कसारा लोकल पकडून कितीतरी मंडळी रतनगड ते हरिश्चंद्रगड असा दोन-तीन दिवसांचा रेंज ट्रेक करतात. रतनवाडी सोडल्यावर कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला उतरेपर्यंत वाटेत दुकान नाही की चप्पल-बूट शिवणारा नाही. नेमका तिथेच बूट आ वासतो किंवा टेंटचा पोल मोडतो. अशा वेळी ऐकीव उपाय अंगाशी येतात, म्हणून त्यातले नेहमीचे गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : कमी वापरलेले बूट जास्त टिकतात.

वस्तुस्थिती : अनेक ट्रेकिंग बुटांच्या सोलमधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने या पदार्थाच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटतात. याला जलविघटन म्हणतात. उष्ण आणि दमट हवेत हा वेग वाढतो, आणि मुंबईची हवा तर वर्षातले कित्येक महिने तशीच असते. ओलसर बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकले, तर वरून कोरे दिसणारे बूटही पहिल्याच चढावर सोल सोडतात. निघण्यापूर्वी सोलच्या कडेचा फोम अंगठ्याने जोरात दाबून पाहा. भेगा पडल्या किंवा भुगा निघाला, तर ते बूट रेंज ट्रेकला नेऊ नका. भुगा झालेला थर कोणत्याही गोंदाने जोडला जात नाही.

गैरसमज : सोल सुटला की झटपट चिकटणारा गोंद लावावा.

वस्तुस्थिती : तो गोंद वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतो. पाऊल दर वेळी वाकतं, त्यामुळे जोड लवकरच तडकतो. वाटेत खरा उपयोग नायलॉनच्या दोरीचा. सोलच्या खाचांमधून दोरी घेऊन चवड्यावर आणि कमानीपाशी असे दोन घट्ट वेढे द्या. गाठ पायाच्या वरच्या बाजूला ठेवा, तळाशी नको. दोरी झिजते, म्हणून जास्तीची जवळ हवी. पक्कं काम आपल्या गल्लीच्या तोंडावरचे गटई कामगार करतात. ते दोन्ही बाजू खरवडून रबरी सोल्युशन लावतात, ते सुकू देतात, मग दाबून बसवतात आणि वरून शिलाई मारतात.

गैरसमज : चेन उघडी पडली म्हणजे टेंट बाद झाला.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा चेनचे दाते शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. मातीने तो झिजतो आणि दात्यांवरची त्याची पकड जाते. दाते पुसून घ्या, रनर मागे नेऊन त्याच्या दोन्ही कडा लहान पक्कडीने अगदी हलक्या दाबा. जोर जास्त झाला तर रनर फुटतो.

गैरसमज : टेप असली की सगळं निभावतं.

वस्तुस्थिती : ओल्या, धुळकट किंवा सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडावर साधी टेप टिकत नाही. फाटलेली जागा पुसून कोरडी करा, टेपची टोकं गोल कापा आणि दोन्ही बाजूंनी लावा. मोठी चीर आधी सुईदोऱ्याने शिवा. पोल मोडला तर त्या जागी टेंटची खुंटी आधाराला लावून टेपने घट्ट गुंडाळा. फायबरग्लासचा पोल उभा चिरतो आणि त्याच्या बारीक कुसळी हातात घुसतात, म्हणून फडकं गुंडाळूनच हात लावा.

गैरसमज : सामान तुटलं तरी ठरलेला ट्रेक पुरा करायचाच.

वस्तुस्थिती : दोरीने बांधलेला बूट मळलेल्या वाटेवर चालतो, ओल्या कातळावर किंवा घसाऱ्यावर त्याच्या भरवशावर उतरणं जिवावर बेतू शकतं. कुमशेतला गाडीरस्ता आहे. तिथून राजूरला उतरलं तर हरिश्चंद्रगड फक्त पुढे ढकलला जातो. अशा बाहेर पडायच्या वाटा घरूनच लिहून न्याव्यात.

दाभण, जाड दोरा, नायलॉनची दोरी, टेप, छोटी पक्कड आणि एक जास्तीचं बकल, एवढं सामान सॅकच्या वरच्या कप्प्यात सहज मावतं. आणि सॅक निघायच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी उघडा. तेवढ्या वेळात बूट शिवून होतात, टेंट गॅलरीत वाळतो आणि बदलायची वस्तू बदलता येते. सोबत्यांची सुरक्षा या तयारीवरच उभी असते.