खिडकीवरचा कागद

सकाळी ६
मे महिन्यात आम्हा नंदुरबारकरांना झोप गच्चीवर लागते आणि माझी, एसी-कूलर दुरुस्त करणाऱ्याची, मोडते फोनने. "काय व्हयनं भाऊ?" मी विचारलं. "कूलर वारा देतोय, पण अंग चिकचिकतंय," पलीकडून उत्तर. कूलर बिघडलेला नाही, खोली बंद आहे. ओल्या गवतातून हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना पाणी हवेतली उष्णता घेतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे झकास चालतं. पाऊस सुरू झाला की कूलरचा जोर संपतो. मात्र कूलरने सोडलेली ओली हवा बाहेर पडायला वाट हवी. "समोरची खिडकी उघडा," म्हणालो. फुकटचं काम झालं.

सकाळी ८.३०
मसाल्याच्या गिरणीचं ऑफिस. हिवाळ्यात पथाऱ्यांवर वाळलेली मिरची आता गिरण्यांत आलीय, घरोघर वर्षाच्या तिखटाची घाई आहे. "मिस्त्री, गॅस भरून टाका," शेठ म्हणाले. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. गळती असेल तरच कमी होतो. साबणाचा फेस लावून नळीचे जोड पाहिले, एक बुडबुडा नाही. मग झाकण उघडलं. फिल्टरवर तिखटाचा लाल थर, बोटाने ओरखडा काढावा असा. मला आणि माझ्या पोऱ्याला एकामागून एक शिंका. फिल्टर नळाखाली धरला तर मोरीतून झणझणीत रस्सा वाहिला. कॉइलला प्लास्टिकची झोळी बांधून पंपाने धुतली. हवेची वाटच बुजली होती, तर गारवा येणार कुठून? शेठ तिथे दिवसभर बसतात. ही पूड त्यांच्या छातीतही जात असणार.

सकाळी ११
स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. एका खोलीत तीसेक पोरं, दीड टनाचे दोन एसी. टन हे मशीनचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ओढायची ताकद म्हणजे एक टन. तक्रार अशी की दुपारी एसी 'मारत नाही', पोरं पेंगतात. एसीच्या तोंडाशी थर्मामीटर धरला, मशीन ठणठणीत. वर पाहिलं तर गारवा निसटू नये म्हणून खिडक्यांच्या फटींवर कागद चिकटवलेला. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची आणत नाही. तीस जणांनी तासन् तास सोडलेला श्वास पुन्हा त्यांच्याच नाकात. डोकं जड होणारच.

चालकांना म्हटलं, "सर, एक एक्झॉस्ट बसवा, समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा." ते म्हणाले, "बिल वाढेल ना!" थोडं वाढेल. मग रिमोट घेतला, १८ वरून २४ वर आणला. तापमान एक अंशाने वाढवलं तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. म्हणून तर २०२० पासून नवे एसी २४ वरच सुरू होतात. खिडकीचा खर्च तिथून निघेल. खुर्चीवर चढून एका खिडकीचा कागद मीच ओढून काढला.

दुपारी १.३०
दुकानात डबा. रस्ता ओस, पत्रा तापून कडकडतोय. पोऱ्या अक्राणीकडचा. भाकरी मोडत म्हणाला, "दादा, आमच्या घराची भिंत कुडाची. सगळी भिंतच खिडकी!" बांबूच्या विणीतून वारा खेळतो, चुलीचा धूर कौलांतून निघतो. थंडीत तोच वारा झोंबतो म्हणा. पण सिमेंटचं घर बांधताना त्या भिंतीचं काम कोणाकडे द्यायचं, हे आपण ठरवलंच नाही.

दुपारी ४
प्रसूतिगृह. इथे 'गार करा' कोणी म्हणत नाही. नवजात बाळाच्या खोलीत पारा २५ ते २८ अंशांत हवा आणि झोत बाळावर नको. ओलं, इवलं अंग पटकन गार पडतं. पात्यांची मोटर दुरुस्त करून पाती छताकडे वळवून दिली. शस्त्रक्रियेच्या खोलीचा हिशेब निराळा. तिथे गाळलेली हवा तासाला वीस वेळा तरी बदलते आणि आतला दाब जरा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची धूळ आत शिरत नाही. करोनात हवेची किंमत आपल्या जिल्ह्याला नीट कळली होती. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांच्या पुढाकाराने जिल्ह्यात हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारे प्रकल्प दुसऱ्या लाटेआधी उभे राहू लागले होते.

संध्याकाळी ६.३०
एका बंगल्यात एसी सारखा बंद पडतो. बाहेरचं युनिट दिसायला बरं म्हणून जाळीच्या कपाटात कोंबलंय. एसी उष्णता मारत नाही, घरातली उचलून बाहेर टाकतो. टाकायला जागाच नाही, तर तीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो. वहिनींना पटलं, दादांना नाही. कपाटाचं दार तेवढं काढून ठेवलं.

रात्री १०
वही काढली. गिरणी: सर्व्हिस. प्रसूतिगृह: पात्यांची मोटर. बंगला: तपासणी. प्रत्येकापुढे रक्कम लिहिली. अभ्यासिकेपाशी थबकलो. लिहिलं, 'कागद काढला', आणि रकमेच्या रकान्यात शून्य. गारव्याचं बिल लोक बिनतक्रार देतात. हवेचं कसं लावायचं, हे वीस वर्षांत मला जमलेलं नाही.