चिंचोके, पणत्या आणि हनुक्का

दिवाळी सरली की पणत्या धुऊन, पुसून माळ्यावर जातात. यंदा त्यांतल्या नऊ खाली राहू द्या. डिसेंबरच्या आसपास आपल्याच राज्यातली, घरात मराठी बोलणारी काही कुटुंबं सलग आठ संध्याकाळी दिवे लावतात. तो सण हनुक्का. नवापूरच्या मुलांना तो हातांनी करून पाहता येईल आणि त्यासाठी बाजारातून फारसं काही आणावं लागणार नाही.

ही कुटुंबं बेने इस्राएल यहुद्यांची. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं आणि वाचलेले लोक कोकणातल्या गावांत पसरले. ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी मात्र घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. नवगावकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं. ‘बूट पॉलिश’ चित्रपटातले जॉनचाचा आठवतात? ते काम करणारे डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, याच समाजाचे. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण मराठी सोबत घेऊन. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

या सणाची बेने इस्राएलांशी जोडलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पूर्वी ते हनुक्का पाळत नसत. सणामागची घटना इसवी सनापूर्वी 164 ची. अँटिओकस राजाने जेरुसलेमच्या मंदिरात यहुद्यांची उपासना बंद पाडली होती. यहुदा मकाबी आणि त्याच्या भावांनी लढून मंदिर परत मिळवलं. दीप लावायला गेले तर शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली, एका दिवसापुरती. ती आठ दिवस पुरली, असं परंपरा सांगते. आपले पूर्वज या घटनेच्या आधीच मायदेश सोडून निघाले होते, म्हणून त्यांना हा सण ठाऊक नव्हता, असं बेने इस्राएल सांगतात. पुढे इतर यहुद्यांशी, विशेषतः कोचीनच्या शिक्षकांशी, संबंध आला आणि हनुक्का कोकणात पोचला. म्हणजे या तेली घरांनीही तो शिकूनच घेतला. आपल्या मुलांनी शिकायला मग काय हरकत आहे?

पहिलं काम दिव्यांचं. हनुक्काच्या दीपमाळेला हनुकिया म्हणतात. तिच्यात आठ दिवे एका ओळीत, एकाच उंचीवर असतात. नववा थोडा उंच किंवा बाजूला. तो शम्माश, म्हणजे सेवक. बाकीचे दिवे त्याच्यानेच लावायचे, कारण त्या आठ ज्योतींचा उपयोग दुसऱ्या कुठल्याही कामासाठी करायचा नसतो, त्या फक्त पाहायच्या. आपल्याकडे दोन-तीन विटा एका रेषेत मांडल्या की ओटा तयार. त्यावर आठ पणत्या आणि अर्धी वीट चढवून नववी. मुलांना पणत्या स्वतः घडवायच्या असतील तर चिकणमातीतले खडे वेचून ती नीट मळून घ्या, लिंबाएवढा गोळा अंगठ्याने दाबत वाटी करा आणि सावलीत वाळवा. कच्ची पणती तेल पिते, म्हणून पेटवायला भाजलेलीच घ्या. मुलांनी केलेल्या रंगवून शोभेला ठेवा. लाकडी फळी किंवा बांबूचा आधार नको, आणि काडी मोठ्यांच्याच हातात.

पहिल्या संध्याकाळी अगदी उजव्या टोकाची एकच पणती लागते. रोज डावीकडे एकेक वाढते, पण पेटवताना सुरुवात नव्या पणतीपासून. सेवकासह आठ दिवसांत किती वाती लागतील, हे दुसरी-तिसरीच्या मुलांना विचारा. उत्तर 44.

अगदी लहानांसाठी हाताचे ठसे आहेत. दोन्ही तळव्यांना गेरू किंवा पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ लावायचं आणि रंगीत कागदावर अंगठे एकमेकांवर येतील असे ठसे उमटवायचे. आठ बोटं म्हणजे आठ दिवे, मधले अंगठे म्हणजे सेवक. प्रत्येक टोकावर हळदीच्या बोटाने ज्योत. पाच मिनिटांचं काम, पण आठ आणि एक हा हिशेब लहान मूल यातच पक्का करतं.

आणि भोवरा. त्याला ड्रेडेल म्हणतात. खरा चौकोनी ठोकळ्यासारखा असतो, आपण सोपा करू. जाड पुठ्ठ्याचा सहा सेंटिमीटरचा चौरस कापा, दोन कर्ण काढा. चार त्रिकोण झाले. त्यांत न, ग, ह, श लिहा. ही नून, गिमेल, हे, शिन या हिब्रू अक्षरांची मराठी रूपं. ‘तिथे मोठा चमत्कार घडला’ या हिब्रू वाक्याच्या चार शब्दांची आद्याक्षरं. ज्या नवापूरच्या स्टेशनात महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द फलाटावरूनच जाते, जिथे घरी मावची, शाळेत मराठी आणि दुकानाच्या पाटीवर गुजराती, तिथल्या मुलांना आणखी चार अक्षरांचं ओझं वाटणार नाही. कर्ण छेदतात तिथे उदबत्तीची काडी खुपसा, खाली दीड सेंटिमीटर ठेवा आणि खळीने चिकटवा.

खेळायला चिंचोके घ्या, किंवा अख्खी तूर; नवापूरच्या तुरीला भौगोलिक मानांकन आहे, तिचे दाणे या खेळात शोभतील. प्रत्येकाला दहा दाणे. डाव सुरू होताना सगळ्यांनी मध्ये एकेक टाकायचा. भोवरा पडल्यावर जी कड जमिनीला टेकेल ते अक्षर तुमचं. न आलं तर काही नाही, ग आलं तर सगळे दाणे, ह आलं तर निम्मे, श आलं तर पदरचा एक मध्ये टाका. मधली रास संपली की पुन्हा एकेक.

सणात तेलात तळलेलं खातात, बटाट्याच्या किसाच्या टिक्क्या तर हमखास. तेवढं घरात कुणालाही जमेल.

आश्रमशाळेतल्या किंवा झेडपी शाळेतल्या शिक्षकांना एकच विनंती. हे नाताळच्या सजावटीत मिसळू नका. तारखा जवळ असल्या तरी सण वेगळे आहेत, आणि नवापूरच्या मुलांना नाताळ चांगला ठाऊक आहे. हिब्रू पंचांगात हनुक्का किसलेव महिन्याच्या 25 तारखेला सुरू होतो, त्यामुळे आपल्या दिनदर्शिकेत तो दरवर्षी सरकतो. 2026 साली पहिला दिवा 4 डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी लागेल. माती आठवडाभर आधीच मळायला घ्या.