घरी सॉनाची पेटी घेताना

अंधेरीच्या माझ्या दवाखान्यात हल्ली गुडघ्याच्या गोळ्यांबरोबर सॉनाचीही चौकशी होऊ लागली आहे. साठीचे एक गृहस्थ तर माहितीपत्रकच घेऊन आले. लाकडी कपाटाएवढी पेटी, आत बसायला बाक, भिंतींना विजेवर तापणारे पट्टे. नाव 'इन्फ्रारेड सॉना'. "डॉक्टर, यातली कोणती घेऊ?" एवढाच त्यांचा प्रश्न. त्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू, आणि चालताना पायातली चप्पल कधी निसटते ते त्यांना कळत नाही. मला पेटीपेक्षा त्या चपलेची काळजी वाटली. बधिर पावलाला चटका जाणवत नाही. फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी, आणि मधुमेह्याच्या पायाचा फोड महिनोन् महिने छळतो. त्यांना मी आधी पाय तपासून घ्यायला सांगितले व पेटीचा विचार तूर्त थांबवला.

फिनलंडमधल्या मूळ सॉनात दगड तापवून खोलीतली हवाच ८० अंश सेल्सियसच्या आसपास नेतात. इन्फ्रारेड पेटीत हवा साधारण ४५ ते ६० अंशच असते. पट्ट्यांतून निघणारे अवरक्त किरण सरळ अंगावर पडतात. शेकोटीपुढे बसल्यावर तोंड तापते आणि पाठ गारच राहते, त्यातलाच हा प्रकार. हवा सोसवते म्हणून माणूस जास्त वेळ बसतो. घाम मात्र वाहतच असतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

घाम काढण्याचा उपचार आपल्याला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदनावर स्वतंत्र अध्याय असून अग्नीच्या साह्याने द्यायच्या शेकाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्याच अध्यायात शेक कोणाला देऊ नये याचीही यादी आहे. गर्भवती, नित्य मद्यपान करणारे आणि मधुमेही त्यात आहेत. माहितीपत्रकात ही यादी शोधून पाहा.

"सॉनाने हृदयविकार टळतो म्हणे?" असेही विचारतात. फिनलंडमध्ये सुमारे २,३०० पुरुषांची वीस वर्षे पाहणी करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून अनेकदा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण कमी आढळले. पण तो सॉना दगडांचा, आणि ती माणसे लहानपणापासून त्यात बसणारी. जपानमध्ये हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांना ६० अंशांच्या इन्फ्रारेड खोलीत १५ मिनिटे बसवून पुढे अर्धा तास पांघरुणात निजवतात, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. पाठीचे आखडलेले स्नायू शेकाने सैल होतात, झोप बरी लागते, हे मला मान्य आहे. घामावाटे शरीरातली विषे निघून जातात हे मान्य नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. वजनही उतरते ते पाण्याचे. दोन तांबे पाणी प्यालात की परत आले! (नुसता घामच हवा असेल तर मे महिन्यात अंधेरीहून सकाळची चर्चगेट लोकल पकडावी. पैसेही वाचतात.)

प्रकृती ठणठणीत असेल आणि पेटी घ्यायचीच असेल, तर पहिला सल्ला विक्रेत्याचा नव्हे, आपल्या वायरमनचा घ्या. १,८०० वॅटची पेटी जवळजवळ ८ अँपिअर वीज ओढते. तिला गीझरसारखा १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नको. जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तारच नसते. ते तपासून घ्या. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी आहे का तेही पाहा. आत घामाने भिजलेला, उघड्या अंगाचा माणूस बसणार आहे, म्हणून हा आग्रह.

मग दार पाहा. ते बाहेर उघडणारे, नुसत्या ढकलण्याने उघडणारे हवे. कडी किंवा कुलूप असेल तर ती पेटी घेऊच नका. ठरावीक वेळेनंतर आणि ठरावीक तापमानापुढे वीज आपोआप बंद व्हायला हवी. ते दुकानात करून दाखवायला सांगा. तापणाऱ्या पट्ट्यांवर जाळी हवी, काच टफन्ड हवी. पेटी तापवून आत नाक घालून पाहा. डोळे चुरचुरले तर तो प्लायवूडच्या गोंदातला फॉर्माल्डिहाइड समजावा. रंगीत दिवे आणि गाण्याची सोय यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. सुताराकडून पेटी करून आत लाल दिवे बसवण्याची हौसही नको.

सुरुवात १० मिनिटांनी करा, पुढेही २० च्या वर जाऊ नका. आधी-नंतर पाणी प्या, उठताना सावकाश उठा, घरात कोणी असतानाच बसा. दारू घेऊन कधीही नाही. इन्शुलिन टोचल्यावर लगेच नाही. उष्णतेने ते रक्तात भराभर उतरते व साखर घसरते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, छातीत दुखणे, ताप, गर्भारपण यांपैकी काही असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. मुलांना त्यात खेळू देऊ नका.

पावसाळ्यात लाकडाला बुरशी धरते, म्हणून वापर झाल्यावर बाक कोरडा पुसून दार उघडे ठेवावे. आणि पट्टा जळाला तर दुरुस्तीचा माणूस कुठून येणार, हे पैसे देण्यापूर्वी विचारून बिलावर लिहून घ्यावे.