सव्वा महिना तुमचा आणि बाळाचा

भगिनींनो, 'बाळंतपणाची रजा' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटते, ही नोकरीवाल्या बायकांची गोष्ट. मास्तरीणबाईंना रजा, नर्सबाईंना रजा. उभ्या पिकाला, गोठ्यातल्या जनावरांना आणि चुलीला रजा कुठली ठाऊक? ते खरेही आहे. १९६१ साली कायदा झाला आणि पगारदार बाईला १२ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. घरच्या शेतात राबणाऱ्या बाईचे नाव त्यात नाही. तिचा पगारच कुणी लिहून ठेवत नाही, मग रजा कोण लिहिणार?

पण कायद्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्या-पणज्यांनी आपल्यासाठी एक रजा लिहून ठेवली आहे. तिचे नाव सव्वा महिना. बाळंतिणीने चुलीशी जायचे नाही, पाणी शेंदायचे नाही, जड उचलायचे नाही. त्यातला विटाळ खुशाल सोडून द्या. बाळाला जन्म देणारी बाई अपवित्र कशी असेल? विसावा मात्र सोडू नका.

माझे काय चुकले

थोरल्याच्या वेळचा सव्वा महिना मी माहेरी नुसता मोजून काढला. खोली अंधारी, बाजेखाली शेगडी, डोळ्यांत धूर. आई डिंकाचा लाडू, अळिवाची खीर हातात आणून द्यायची, पण माझे चित्त सासरी. भुईमूग काढायला आला, माणूस मिळत नाही, सासूबाई एकट्या. बाळ कुशीत आणि जीव शेतात, असे चालले होते.

चाळिसाव्या दिवशी सासरी आले आणि त्याच आठवड्यात शेंगा तोडायला बसले. बाळ बांधावरच्या लिंबाला झोळीत. एका दुपारी धाकट्या नणंदेने हाक मारली, "वहिनी, लवकर या, बाळ हसतंय!" मातीचे हात धुऊन मी झोळीपाशी पोचेपर्यंत त्याचा डोळा लागला होता. पुढे तो पुष्कळ हसला, पण ते पहिले हसू माझे राहून गेले. शेंगा किती पोती झाल्या ते आज आठवत नाही. ती दुपार मात्र आठवते.

बाळ कुणाकडे बघते?

पुष्कळांना वाटते, महिन्याचे बाळ म्हणजे मांसाचा गोळा, त्याला काय कळते? तसे नाही. जन्मलेल्या बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचेच नीट दिसते. दूध पिताना आईचे तोंड तेवढ्याच अंतरावर असते. म्हणजे बाळाचे पहिले जग तुमचा चेहरा. तुमचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ओळखते. आणि साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते तुमच्याकडे बघून ओळखीचे हसू लागते.

आता हिशेब करा. सव्वा महिना संपतो आणि हसू उमलू लागते. नेमक्या त्याच वेळी आपण खुरपे हातात घेतो. म्हणून माझे म्हणणे आहे, जमेल त्या घराने ही रजा तीन महिन्यांपर्यंत लांबवावी.

दिवस असे घालवा

धाकटीच्या वेळी मी शहाणी झाले. खिडकी उघडली, धुराची शेगडी बाहेर काढली. बाळाला तेल लावून न्हाऊ घातले की ते गाढ झोपायचे. पूर्वी तेवढ्यात मी गहू निवडायला घेत असे. आता मीही शेजारी आडवी होत असे. कधी नुसती बघत बसे. जांभई देते, झोपेत ओठ मुडपते, तुमचे बोट मुठीत धरते. हे बघायला पैसा लागत नाही.

पाजताना बाळाशी बोला. आजीकडून ऐकलेल्या ओव्या म्हणा, ओवी येत नसेल तर गोठ्यातल्या गाईची गोष्ट सांगा. मोबाइल तेवढा वेळ फळीवर ठेवा.

गाय व्याली की वासराला चीक पाजायला आपण विसरत नाही. मग आपल्याच बाळाचा चीक पिळून का टाकायचा? जन्मल्यावर तासाभरात त्याला अंगावर घ्यावे. सहा महिने आईचे दूधच द्यावे. मध, घुटी, पाणीसुद्धा नको.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू आले तर घाबरू नका. पुष्कळ बाळंतिणींना तसे होते आणि थोड्या दिवसांत ते ओसरते. मात्र दोन आठवडे उलटूनही मन उदास राहिले, बाळाला घ्यावेसे वाटेना, तर लपवू नका. डॉक्टरांना सांगा. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी ४२ दिवसांत आशाताई सहा वेळा घरी येऊन बाळाला बघते. माहेरी गेलात तर तिथल्या आशाताईकडे आधीच नाव सांगून ठेवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. तेव्हा घरी येणाऱ्या या ताईला कमी लेखू नका.

घरच्यांना दोन शब्द

सासूबाई, तुम्हालाही कधी कुणी चाळिसाव्या दिवशी शेतात नेले असेल. त्याची फेड सुनेकडून करून घेऊ नका. आणि कारभारी, तुम्ही सासुरवाडीला गेलात की ओसरीवर चहा पिऊन परत फिरू नका. आत जा, बाळाला मांडीवर घ्या. मुलगी झाली असली तरी तोंड पाडून बसू नका. बारसे तेवढ्याच थाटाने करा.

शेतात माणूस कमी पडते, हे मी जाणून आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आईच्या खात्यात येतात. अटी अंगणवाडीताईकडून समजून घ्या. आईला काम सोडून विसावा घेता यावा म्हणूनच हा पैसा आहे. त्यातून खुरपणीला एक बाई लावा.

शेतात जाणे अगदीच टळत नसेल, तर फवारणी झालेल्या रानात पाजत्या आईला धाडू नका. घरी आल्यावर हातपाय धुऊन, लुगडे बदलूनच तिने बाळाला घ्यावे.

तोपर्यंत खुरपे कोपऱ्यात राहू द्या. त्याला गंज चढला तर चढू द्या. चार दिवस वापरले की ते पुन्हा लखलखीत होते. बाळ मात्र पहिल्यांदा एकदाच हसते. तेव्हा तुम्ही त्याच्यापुढे असा.