अर्ज कुठवर आला? संदेश असा हवा

तलासरी व डहाणू तालुक्यांतील अनेक कामगार गुजरातच्या हद्दीत उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. काम सुटले किंवा घरात आजारपण आले की भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढण्यासाठी ते जवळच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात येतात. अर्ज भरणे फारसे कठीण नाही. खरी अडचण पुढे येते. ‘माझ्या पैशाचे काय झाले?’ हे विचारण्यासाठी तो माणूस रोजंदारी बुडवून पुन्हा पुन्हा दुकानाची पायरी चढतो.

अर्जाची स्थिती पाहिली तर ‘अंडर प्रोसेस’, ‘सेटल्ड’ किंवा ‘रिजेक्टेड’ असे इंग्रजी शब्द दिसतात. ‘सेटल्ड’ म्हणजे रक्कम मंजूर होऊन बँकेकडे रवाना झाली. पण ऐकणाऱ्याला वाटते, प्रकरण मिटवून टाकले. ‘रिजेक्टेड’ म्हटले की पैसे बुडाले असे समजून कित्येक जण पुन्हा अर्जच करीत नाहीत. वास्तविक नाव, जन्मतारीख किंवा बँक खाते न जुळणे ही नेहमीची कारणे आहेत. दुरुस्ती करून पुन्हा अर्ज करता येतो आणि शिल्लक खात्यातच राहते.

म्हणून आमचे बंधू जे अशी दुकाने चालवतात अथवा ग्राहकांसाठी छोटी अ‍ॅप बनवतात, त्यांनी संदेशाच्या शब्दांकडे लक्ष द्यावे. काय झाले, का झाले आणि आता काय करायचे, एवढे त्यात आलेच पाहिजे. ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढ्याने भागत नाही. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेत परिपूर्ण अर्ज निकाली काढण्यास २० दिवसांची मुदत घालून दिलेली आहे. ती मोजून तारीखच लिहावी.

येथे एक तांत्रिक अडचण आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत केवळ ७० चिन्हे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सर्व वेगळी मोजली जातात. त्याहून मोठा मजकूर तुकड्यांत जातो व खर्च वाढतो. तरीही काम भागते. ‘नाव आधारशी जुळत नाही म्हणून अर्ज परत. पैसे सुरक्षित. नाव दुरुस्त करा.’ यात ६९ चिन्हे आहेत. व्यावसायिक एसएमएसचा नमुना आधी नोंदवावा लागतो, तेव्हा शब्द तेव्हाच नीट ठरवावेत. संदेशात लिंक देऊ नये. फसवणुकीचे संदेशही तसेच येतात आणि लोक खऱ्यालाही खोटे समजू लागतात.

पडद्यावर मंजुरीला हिरवा व नामंजुरीला लाल ठिपका देऊन थांबू नये. ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्यांच्यासाठी शेजारी शब्द हवा. अंध व्यक्ती मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतात. बदललेली स्थिती त्या सॉफ्टवेअरने आपोआप उच्चारावी, ही अपेक्षा वेबच्या जागतिक सुलभता निकषांत २०१८ पासून नमूद आहे.

आणि ज्याला वाचताच येत नाही त्याचे काय? या भागात कित्येक घरांत वारली बोलली जाते, बाजारात गुजरातीही चालते. तेथे ध्वनिमुद्रित फोन एसएमएसपेक्षा उपयोगी पडेल. मात्र अर्ज भरतानाच विचारून घ्यावे, हा क्रमांक चालू आहे ना? रिचार्ज न केल्याने बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्याला दिला जातो, आणि मग पैशाची खबर परक्याच्या हाती पडते.