उशिरा उमलणारा स्नोड्रॉप ओळखताना

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी महिना स्नोड्रॉपचा. निष्पर्ण झाडांखाली, चर्चच्या आवारात, जुन्या हवेल्यांच्या बागांत या वीतभर उंचीच्या पांढऱ्या फुलांचे गालिचे पसरतात आणि ते पाहण्यासाठी लोक तिकीट काढून गर्दी करतात. मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक ठिकाणी हा सोहळा आटोपतो. फुले सुकतात, देठ जमिनीकडे झुकतात, हिरवे बीजकोश फुगू लागतात. अशा वेळी घरच्या बागेच्या एखाद्या कोपऱ्यात एकच पुंजका टवटवीत फुललेला दिसतो आणि हा काही निराळा प्रकार असावा काय, असा प्रश्न पडतो. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या उपनगरांत जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तो पडू शकतो. आधीच्या मालकाने लावलेले कंद घरासोबत मिळतात, त्यांच्या नावाच्या पाट्या मात्र क्वचितच मिळतात.

केवळ उशिरा फुलला म्हणून स्नोड्रॉपचा प्रकार ठरत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. एकाच कंदाचे दोन भाग करून एक दक्षिणेकडील उबदार भिंतीशी आणि दुसरा उत्तरेकडील कुंपणाच्या सावलीत लावला, तर दोहोंच्या फुलण्यात चांगलेच अंतर पडते. कडक हिवाळा लांबला की सगळीच बाग मागे पडते. म्हणून तारखेची तुलना करायची ती कॅलेंडरशी नव्हे, तर त्याच बागेतील, तशाच जागेतील नेहमीच्या स्नोड्रॉपशी. आणि तीही एका वर्षाची नव्हे, दोन-तीन वर्षांची.

त्याहीआधी, समोर आहे तो स्नोड्रॉपच आहे ना, याची खात्री करावी. मार्च-एप्रिलमध्ये फुलणारा स्नोफ्लेक, म्हणजे ल्युकोजम, दुरून पाहणाऱ्याला सहज चकवतो. त्याच्या सहाही पाकळ्या सारख्या लांबीच्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला हिरवा ठिपका असतो. स्नोड्रॉपच्या बाहेरच्या तीन पाकळ्या मोठ्या आणि आतल्या तीन आखूड असतात. बहुतेक जातींत आतल्या पाकळ्यांच्या टोकाला खाच असून तिच्याभोवती हिरवी खूण असते. एप्रिलमध्ये गुडघ्याएवढ्या उंच देठावर फुलांचा झुबका दिसला, तर तो बहुधा उन्हाळी स्नोफ्लेक समजावा. आपल्याकडील सुदर्शन आणि रेन लिली ज्या कुळात मोडतात, त्याच अ‍ॅमरिलिडेसी कुळातील ही मंडळी. साम्य असण्यात नवल नाही.

खरी ओळख पटते ती पानांवरून, तीही जमिनीलगत. पाने जिथून वर येतात तिथे माती किंचित बाजूला सारून वाकून पाहावे. युरोपात सर्वत्र परिचित असलेल्या गॅलँथस निव्हॅलिसची दोन अरुंद, निळसर छटेची पाने नमस्काराच्या तळहातांसारखी एकमेकांना सपाट टेकलेली असतात. तुर्कस्तानाकडून आलेल्या गॅलँथस एल्वेसीचे एक रुंद, करडे-हिरवे पान दुसऱ्याला सुरळीसारखे वेढून असते. कॉकेशसकडील वोरोनोवीतही अशीच सुरळी दिसते, पण तिची पाने चकचकीत, गर्द हिरवी असतात. क्रिमिया आणि रुमानियात आढळणाऱ्या गॅलँथस प्लिकेटसच्या पानांच्या कडा मात्र धोतराच्या काठासारख्या मागे दुमडलेल्या असतात. फुलांवरची हिरवी खूण ही दुय्यम साक्ष. एल्वेसीच्या आतल्या पाकळीवर टोकाला एक आणि तळाशी एक अशा दोन खुणा असतात म्हणावे, तर एकाच खुणेची एल्वेसीही सापडते. त्यात या जातींचा आपसांत संकर सहज होतो. बियांतून उगवलेले रोप आई-बापांपैकी कोणाशीच तंतोतंत जुळत नाही आणि अनुभवी माणूसही तिथे अडखळतो.

‘स्ट्राफन’ हा या गुंत्याचा उत्तम नमुना. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धावरून परतताना लॉर्ड क्लॅरिना यांनी तेथील प्लिकेटसचे कंद आणले. आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यात स्ट्राफन हाऊसच्या बागेत ते वाढले आणि तेथील माळ्याला त्यांत एक आगळा पुंजका आढळला. तो निव्हॅलिस आणि प्लिकेटस यांचा संकर असल्याचे मानले जाते. ‘स्ट्राफन’ उशिरापर्यंत फुलतो, कारण त्याचा भरलेला कंद पहिल्या फुलानंतर दुसरा देठ वर पाठवतो. म्हणजे उशिरा सुरू होणे आणि उशिरापर्यंत चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहणाऱ्याने मार्चअखेर एकदाच नजर टाकली, तर त्यांतला फरक त्याला कळणार नाही. प्लिकेटसचा ‘वॉरहॅम’ हा प्रकारही असाच उशिराचा म्हणून ओळखला जातो, आणि त्याचे मूळही त्याच युद्धाशी जोडले जाते. कॉकेशसच्या उंच कुरणांतील गॅलँथस प्लॅटिफायलस बर्फ वितळल्यावर, वसंत बराच सरल्यावर फुलतो. त्याच्या आतल्या पाकळीला खाच नसते. मात्र सखल भागातील साध्या बागेत तो टिकवणे हौशी माणसाचे काम नव्हे.

उशिराच्या प्रकारांना लागवडीत एक अडचण असते. फूल सरल्यावर पाने सुकेपर्यंतच्या काळात कंद पुढील वर्षाची शिदोरी भरतो. यांना हा काळ कमी मिळतो आणि एप्रिल कोरडा, उष्ण गेला तर आणखी घटतो. म्हणून पानझडी झाडाखालची, वसंतात ओल टिकणारी, पण पाणी न साचणारी जागा त्यांना द्यावी. मातीत पानांचे कुजलेले खत मिसळावे, कंद सात-आठ सेंटिमीटर खोल लावावा आणि पाऊस नसेल तर एप्रिलमध्ये पाणी घालावे. पाने पिवळी पडेपर्यंत कापू नयेत. हिरवळीत लावलेल्या कंदांचे सर्वाधिक नुकसान गवत कापण्याच्या घाईने होते. दाटलेला पुंजका फुले सरल्यावर, पाने हिरवी असतानाच उकरून वेगळा करावा आणि लगेच लावावा. शरद ऋतूत दुकानांत पाकिटांतून मिळणारे कंद पुष्कळदा वाळून निकामी झालेले असतात. बहर संपता संपता कुंडीत वाढलेले रोप घेणे हा शहाणपणाचा व्यवहार. फूल आणि पान दोन्ही पाहून घेता येते.

हे पाहून घेणे आवश्यक अशासाठी, की स्नोड्रॉपच्या नावाला आता मोठी किंमत आली आहे. २०१५ साली ‘गोल्डन फ्लीस’ या पिवळ्या खुणेच्या प्रकाराचा एक कंद ऑनलाइन लिलावात १,३९० पौंडांना गेला, तर २०२२ मध्ये ‘गोल्डन टिअर्स’ने १,८५० पौंडांचा आकडा गाठला. घरच्या बागेतील उशिराचा पुंजका अशा किमतीचा निघेल, ही आशा बहुधा फोलच ठरते. पण चुकीच्या नावाखाली साधा कंद महाग घेण्याची वेळ कोणावरही येऊ शकते. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. तुर्कस्तानातील रानांतून एल्वेसीचे कंद एके काळी बेसुमार खणले गेले. १९९० पासून सर्व गॅलँथस जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. त्यामुळे विक्रेत्याला कंद रोपवाटिकेत वाढवलेले आहेत काय, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

नाव न पटलेल्या पुंजक्यापाशी तूर्त एवढेच करावे: पहिले फूल उघडल्याची आणि शेवटचे सुकल्याची तारीख टिपावी, पानांच्या बुंध्याचे आणि उघडलेल्या फुलाच्या आतल्या बाजूचे छायाचित्र घ्यावे. पाटीवर पेन्सिलीने लिहावे. शाई पावसात टिकत नाही. जूनपर्यंत पाने नाहीशी होतात, तेव्हा बागेचा कच्चा नकाशा हाताशी असलेला बरा. आणि हे कंद उकरले की स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवू नयेत. लहान कांद्यासारखे दिसतात, पण विषारी असतात.