काळी टेप डब्यात, सोनेरी टेप इंजिनात!

तळहातावर मावणारं मॉडेल रेल्वेचं इंजिन उघडलंय, आत मोटर सांभाळणारा नखाएवढा डिकोडर बसवायचाय आणि हात आपसूक ड्रॉवरमधल्या काळ्या टेपकडे गेलाय? रेड सिग्नल! जरा थांबा.

आधी स्केलची गंमत. ‘एन’ स्केलमधला हा ‘एन’ कुठून आला, माहीत आहे का? नाइनमधून! दोन रुळांमधलं अंतर बरोबर 9 मिलिमीटर, प्रमाण 1:160. त्याहून धाकटं भावंड ‘झेड’: 1:220, रुळांत 6.5 मिमी. जर्मनीच्या मार्कलिननं ते 1972मध्ये आणलं. आणि शेंडेफळ म्हणजे जपानचं ‘टी’ गेज: 1:450, रुळांत फक्त 3 मिमी. साबुदाण्याचा एक दाणा पडला की ट्रॅक जाम!

आता गुणाकार करा. चांगल्या प्रतीची काळी पीव्हीसी टेप साधारण 0.18 मिमी जाड असते. किस झाड की पत्ती? पण 160नं गुणलं की होतात जवळजवळ 29 मिमी! खऱ्या इंजिनात इंचभराहून जाड थर चढवल्यासारखंच. दोन वेढे मारा, इंजिनाचं झाकण बसायचंच नाही.

काळ्या टेपशी भांडण नाही हं. 3एम कंपनीनं 1946मध्ये आणलेली ही विनाइल टेप घरच्या वायरिंगला झकास. पण मोटरच्या शेजारी, बंद आणि गरम जागेत तिचा गोंद पाझरतो, कडा सरकतात आणि गिअरपाशी चिकट काळी राड होते. तिथे चिकटपट्टी हवी, चिकटा नको.

मग हिरो कोण? कॅप्टन टेप! म्हणजे पॉलिमाइडची, मधासारख्या सोनेरी रंगाची, आरपार दिसणारी टेप. ही फिल्म ड्युपाँटनं 1960च्या दशकात तयार केली. उणे 269 ते अधिक 400 अंश सेल्सिअस, एवढ्या पट्ट्यात ती टिकते आणि ती वितळतच नाही! टेपवरचा सिलिकॉन गोंद मात्र साधारण 260 अंशांपर्यंतच तग धरतो. तरी सोल्डरिंग आयर्नचा ओझरता चटका ती सहज पचवते.

अपोलोच्या चांद्रयानावर मिठाईच्या वर्खासारखं चमकणारं ते सोनेरी आवरण आठवतंय? ते सोनं नव्हतंच, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं कॅप्टन होतं! जेम्स वेब दुर्बिणीची टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्रीसुद्धा त्याचीच. तिचे चार पदर प्रत्येकी 0.025 मिमी जाड. आणि तुमच्या टेपमधली फिल्म? बहुतेकदा तेवढीच! गोंदासकट धरली तरी साधारण 0.06 मिमी.

आता टेपचं खरं काम बघा. एन स्केलच्या बऱ्याच इंजिनांत धातूची चासी उभी चिरलेली असते. डावा अर्धा डाव्या रुळाला जोडलेला, उजवा उजव्याला. म्हणजे अख्खं इंजिनच जिवंत वायर! मधे बसलेल्या मोटरची पितळी पट्टी कुठल्याही अर्ध्याला नुसती टेकली, की डिकोडरचं ‘राम नाम सत्य’. म्हणून नव्या ब्लेडनं चार-पाच मिमीची पट्टी कापायची, चिमट्यानं उचलायची, चासीच्या आतल्या बाजूला बसवायची आणि टूथपिकनं घोटायची. टेप चासीला, हे पक्कं ध्यानात ठेवा. डिकोडरला बाळासारखं गुंडाळू नका, त्याला उष्णता बाहेर टाकायला मोकळी जागा लागते.

डिकोडरच्या वायरींचे रंगही ठरलेले, माहीत आहेत का? लाल-काळी रुळांकडे, नारिंगी-करडी मोटरकडे. या दोन जोड्यांची अदलाबदल झाली, तर टेपही वाचवणार नाही.

हिरोचा वीक पॉइंट? कडेला बारीकशी खाच पडली की सर्रकन फाटते, आणि काळ्या टेपसारखी ताणलीही जात नाही. म्हणून चासीची धारदार कड आधी कानशीनं घासा, मगच टेप.

छोट्या गाड्यांचं वेड लागायला जर्मनी-जपान गाठायची गरजही नाही. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे. मुलांना घेऊन जाच!

टेप कुठे मिळेल? मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते, नाहीतर मोबाईल रिपेअरवाल्याला विचारा. रोल 5-6 मिमी रुंदीचा घ्या, कापाकापी वाचते.

आणि झाकण लावण्याआधी मल्टिमीटर बीप मोडवर टाका. एक टोक मोटरच्या पट्टीला, दुसरं आधी चासीच्या डाव्या अर्ध्याला, मग उजव्याला. मोटरच्या दोन्ही पट्ट्या तपासा. शांतता? ग्रीन सिग्नल! बीप वाजला, तर इंजिन रुळावर ठेवू नका. आणखी एक पट्टी कापा.